हवेची आणेवारी कोण काढणार?



आणेवारी म्हणजे काय, हे कापूस-ज्वारीवाल्याला शिकवायची गरज नाही. बोंडे गळालेली असतात, कणसात दाणा भरलेला नसतो, आणि कागदावर मात्र गावाची पैसेवारी पन्नासच्या वर लागलेली असते. पन्नासच्या वर गेली की दुष्काळ नाही. दुष्काळ नाही म्हणजे सूट नाही, वसुलीला स्थगिती नाही. विम्याचेही तेच. मंडळातल्या मोजक्या शेतांत पीक कापणी प्रयोग होतो, त्याची सरासरी निघते आणि ती सरासरी सगळ्या मंडळाच्या कपाळावर बसते. शिवारात कोणी काय पाहिले याला किंमत नाही, कागदावर काय उतरले याला आहे. आकडा ज्याच्या हातात, निकाल त्याच्या हातात. हे आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे.

आता अशीच एक आणेवारी हवेची निघते. तुमच्या शेतातून, गोठ्यातून, युरियाच्या गोणीतून हवेत किती वायू गेला याचा हिशेब दिल्लीत लिहिला जातो. तो जर्मनीतल्या बॉन शहरी, संयुक्त राष्ट्रांच्या हवामान सचिवालयाकडे जातो आणि तिथे परदेशी तज्ज्ञांची तुकडी तो तपासते. या हिशेबाला हरितगृह वायूंची यादी म्हणतात. आम्ही तिला सरळ वही म्हणतो. या वहीत तुमचे नाव नाही, पण तुमचा बैल आहे, तुमची पऱ्हाटी आहे, तुमची खताची मात्रा आहे. ही वही कशी लिहायची आणि कोणी तपासायची, यावर तीस वर्षांहून अधिक काळ देशादेशांत भांडण चालू आहे. त्या भांडणात शेतकऱ्याला कोणी बोलावलेले नाही.

कर्जत-खालापूरच्या माणसांनी कापूस-ज्वारीच्या जिल्ह्यांना हे का सांगावे? कर्जत म्हटले की तुमच्यातल्या पुष्कळांना नगरकडचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले, ज्वारीचे कर्जत आठवेल. आम्ही ते नव्हे. आम्ही रायगडचे, घाटाखालचे, उल्हास आणि पाताळगंगेच्या खोऱ्यातले. आमच्याकडे पाऊस धो धो पडतो, आमचे पीक भात. आणि हवेच्या आणेवारीचा पहिला घाव भातावरच बसला होता. तो कसा बसला आणि कसा परतवला गेला, हे समजून घेतले तर उद्या तुमच्या बैलावर आणि युरियावर येणारा घाव तुम्हाला आधी दिसेल.

१९९० साली वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या संस्थेने जगाचा हिशेब छापला. हवा तापवणाऱ्या देशांच्या यादीत पहिली अमेरिका, मग सोव्हिएत संघ, मग ब्राझील, मग चीन आणि पाचवा भारत! ज्या देशात कितीतरी चुली शेणीवर पेटत होत्या तो देश जगाचा पाचवा गुन्हेगार. हे कसे घडले? एक कारण भाताचे. खाचरात पाणी साचून राहिले की मातीतली हवा संपते, हवेवाचून जगणारे जिवाणू कुजक्या पेंढ्या-मुळांवर वाढतात आणि मिथेन तयार होतो. तो भाताच्या पोकळ ताटातून वर येतो. इथपर्यंत शास्त्र खरे आहे, त्याच्याशी आमचे भांडण नाही. पण किती येतो? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने भारतातल्या भाताच्या नावावर वर्षाला ३ कोटी ७८ लाख टन मिथेन लिहिला. मोजून नव्हे. युरोप-अमेरिकेतल्या, बाराही वेळ पाणी भरून ठेवलेल्या आणि खताने लादलेल्या भातशेतांत जे मोजले, त्याला आपल्या देशातल्या भाताच्या क्षेत्राने गुणले. झाली आणेवारी! आमच्या वरच्या अंगाच्या खाचरात भाद्रपदात आठ दिवस उघडीप पडली की माती तडकते, हे त्या गुणाकाराला ठाऊक नव्हते.

दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राचे अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ साली या हिशेबाची चिरफाड केली. गरिबाच्या भाताचा आणि गुराचा वायू जगण्यासाठीचा, श्रीमंताच्या मोटारीचा वायू चैनीचा, दोन्ही एका तागडीत कसे घालता, हा त्यांचा सवाल होता. तो सवाल आजही तितकाच खरा आहे. पण आम्हाला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्याच वर्षी झालेली दुसरी गोष्ट, कारण नुसत्या सवालाने वही बदलत नाही.

त्या वर्षी राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे डॉ. ए. पी. मित्रा यांच्या पुढाकाराने देशभरच्या भातशेतांत मोजणी झाली. पद्धत साधी, पण चिकाटीची. भाताच्या चुडांवर पारदर्शक पेटी उपडी ठेवायची. ठरावीक मिनिटांनी इंजेक्शनच्या सिरिंजने आतली हवा काढायची. प्रयोगशाळेत यंत्रावर तिच्यातला मिथेन मोजायचा. असे लावणीपासून कापणीपर्यंत, पाणी भरलेल्या शेतात, पाणी तुटलेल्या शेतात, पावसाच्या शेतात, खोल पाण्याच्या शेतात. उत्तर काय आले? वर्षाला सुमारे ४० लाख टन. कुठे ३ कोटी ७८ लाख आणि कुठे ४० लाख! नऊपटीहून जास्त फरक.

या फरकाची किंमत काय ते पाहा. भारत सरकारने आपली पहिली अधिकृत वही २००४ साली संयुक्त राष्ट्रांना दिली. ती १९९४ या वर्षाची होती. तिच्यात देशाचा एकूण हिशेब सुमारे १२३ कोटी टन, म्हणजे सर्व वायूंचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करून. त्यात देशातला सगळा कोळसा, सगळे डिझेल-पेट्रोल, सगळी वीज मिळून ७४ कोटी टन. भाताचा मिथेन ४०.९ लाख टन, तेव्हाच्या एकवीस पटीच्या दराने साडेआठ कोटी टन. आता अमेरिकेचा आकडा ठेवून पाहा. ३ कोटी ७८ लाख गुणिले एकवीस, म्हणजे ७९ कोटी टन. देशातल्या सगळ्या गिरण्या, रेल्वे, वीज केंद्रे, ट्रक आणि मोटारींपेक्षा भातवाला मोठा गुन्हेगार ठरला असता! खोपोली परिसरातल्या कारखानदाराने आणि खालापूरच्या टोलनाक्यावरून घाट चढणाऱ्या मोटारवाल्याने आमच्याकडे बोट दाखवले असते, आणि आमच्याकडे दाखवायला कागद नसता.

पेटीने आम्हाला वाचवले, घोषणेने नाही. हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण आपल्यातच काही जण म्हणतात की ही सगळी मोजणीच साम्राज्यवाद्यांचे कारस्थान आहे, तिला हात लावू देऊ नका. भावांनो, न मोजल्याने वही कोरी राहत नाही. न मोजलेल्या जागी दुसऱ्याचा आकडा बसतो. वहीच्या नियमपुस्तकातच तशी सोय आहे. देशाने स्वतः मोजले असेल तर त्याचा आकडा चालतो. नसेल तर जगाचा ठोक आकडा घ्यायचा. या ठोक आकड्याला तिथल्या भाषेत पहिली पायरी म्हणतात. देशात मोजून काढलेला आकडा ही दुसरी पायरी. भारताने भातासाठी दुसरी पायरी गाठली. सतत पाणी भरलेल्या हेक्टराला हंगामात १६२ किलो मिथेन, एकदा पाणी तुटले तर ६६, आणि पुन्हा पुन्हा तुटले तर अवघा १८. एकाच पिकाचे, एकाच देशातले हे तीन आकडे आहेत. आमच्या कर्जतमध्ये राजनाल्याच्या कालव्यावर उन्हाळी भात होतो, तो भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेल्या पाण्यावर. त्याच तालुक्यात पावसाच्या पाण्यावरचे खाचर आहे, आणि उतारावर ठाकर-कातकऱ्यांची नाचणी-वरी आहे, जिच्यात पाणीच साचत नाही. तालुका एक, हिशेब तीन. मग जिल्ह्याची, राज्याची सरासरी कशी काढली, कोणते शेत कोणत्या खणात टाकले, हे आम्हाला मराठीत कोणी सांगितले आहे काय?

आता तुमच्याकडे येऊ. कोरडवाहूवर मिथेनपेक्षा नायट्रस ऑक्साइडचा मामला मोठा. जमिनीत घातलेल्या नत्राचा थोडा अंश या वायूच्या रूपाने उडतो. किती उडतो? २००६ च्या आंतरराष्ट्रीय नियमपुस्तकात सगळ्या जगाला एकच ठोक आकडा होता, नत्राच्या एक टक्का. हॉलंडच्या ओल्या कुरणाला एक टक्का आणि यवतमाळच्या भेगाळलेल्या काळ्या रानालाही एक टक्का. २०१९ साली त्या पुस्तकात सुधारणा झाली. ओल्या हवामानात रासायनिक खताला १.६ टक्के, कोरड्या हवामानात अर्धा टक्का. म्हणजे तेरा वर्षे कोरडवाहूवाल्याच्या माथ्यावर दुप्पट ठोक आकडा उभा होता. हिशेब करून पाहा. युरियाची ४५ किलोची गोणी, तिच्यात २०.७ किलो नत्र. एक टक्क्याने ती गोणी ८६ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी ठरते, अर्ध्या टक्क्याने ४३. गोणी तीच, रान तेच, पाऊस तोच. पुस्तकाचे पान बदलले आणि पाप निम्मे झाले. आणि कोरडे कोणाला म्हणायचे, ओले कोणाला, हे शेवटी हवामानाच्या नकाशावरून ठरणार. सात वर्षांतून दोनदा अतिवृष्टी आणि तीनदा दुष्काळ पाहणाऱ्या तालुक्याला नकाशा काय म्हणणार, हा प्रश्न त्या पुस्तकाला विचारायला हवा.

बैलाचेही तसेच. कडबा खाणाऱ्या जनावराच्या पोटात मिथेन होतो, हे खरे. १९९४ च्या वहीत देशातल्या जनावरांच्या रवंथाचा मिथेन ८९.७ लाख टन आहे, म्हणजे भाताच्या दुप्पट. भाताचे एवढे भांडण झाले म्हणून आकडा तावून सुलाखून निघाला. बैलाचे तेवढे झालेले नाही. २००६ च्या पुस्तकात भारतीय उपखंडातल्या दुभत्या नसलेल्या गुराला वर्षाला २७ किलो मिथेन धरलेला आहे. चैत्रात हाडे मोजता येतील असा आमचा खोंड आणि पेंडीवर पोसलेला बैल, दोघांनाही तोच ठोक आकडा. शिवाय त्या बैलाने ट्रॅक्टरचे किती डिझेल वाचवले, याचा खण त्याच्या नावासमोर नाही. डिझेल जळले नाही म्हणजे ते वहीत आलेच नाही, वजावट बैलाला मिळत नाही. वहीला काय घडले ते दिसते. काय टळले ते दिसत नाही.

आणखी एक मेख. वेगवेगळे वायू एका मापात आणायला पट धरतात. मिथेनचा पट पूर्वी २१ होता, मग २५ झाला, आणि २०१८ साली पोलंडमधल्या कातोवित्सेला जे नियम ठरले त्यात २८ धरायचे ठरले. यामागे शास्त्र आहे, लबाडी नाही. पण परिणाम पाहा. १९९४ चा तोच ४०.९ लाख टन मिथेन एकवीसने ८.६ कोटी टन होतो आणि अठ्ठावीसने साडेअकरा कोटी. एक गुंठा भात वाढला नाही आणि भातवाल्याचे ओझे तिसऱ्या हिश्श्याने वाढले. उद्या कोणी मथळा छापला की शेतीचा वायू वाढला, तर आधी पट विचारा.

तपासणीच्या नियमांची कहाणी थोडक्यात सांगतो. १९९२ च्या रिओ कराराने श्रीमंत देशांवर दरवर्षी वही देण्याचे आणि परक्या तज्ज्ञांकडून ती तपासून घेण्याचे बंधन घातले. आपल्यासारख्या देशांना सवडीने, पैसे मिळतील तसे अहवाल द्यायची मुभा होती. २००९ साली कोपनहेगनला श्रीमंत देशांनी आग्रह धरला की भारत-चीनचीही झडती झाली पाहिजे. पुढच्या वर्षी कानकुनला तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांच्या मध्यस्थीने तोड निघाली: सल्लामसलत आणि विश्लेषण होईल, पण ते घुसखोर नसेल, शिक्षा देणारे नसेल, सार्वभौमत्वाचा मान राखणारे असेल. मग २०१५ चा पॅरिस करार आला, त्याच्या १३ व्या कलमाने सगळ्यांना एकच चौकट लावली, आणि कातोवित्सेच्या नियमांनी दर दोन वर्षांनी पारदर्शकता अहवाल ठरवला. पहिल्याची मुदत ३१ डिसेंबर २०२४. विकसनशील देशांना काही सवलती आहेत. सवलत घ्यायची की नाही हे देशाने स्वतः ठरवायचे, तपासणाऱ्याने त्यावर शेरा मारायचा नाही. मात्र सवलत का घेतली आणि त्रुटी कधीपर्यंत भरून काढणार, हे लिहून द्यावे लागते.

यात गंमत अशी, की तपासणारा खोड कुठे काढणार? जिथे अनिश्चितता जास्त तिथे. कोळशाला पावती असते. वीज केंद्रात किती टन जळला ते वजनकाट्यावर कळते, त्या आकड्यात फारशी चूक निघत नाही. अनिश्चित आकडा कोणाचा? शेतीचा. म्हणजे ज्याने जास्त धूर काढला त्याची पाने स्वच्छ, आणि ज्याने कमी काढला त्याच्या पानांवर लाल शाई. भारताने डिसेंबर २०२४ मध्ये दिलेल्या अहवालात २०२० सालचा हिशेब आहे. त्यात ऊर्जेचा वाटा ७५.६६ टक्के, शेतीचा १३.७२. १९९४ साली शेतीचा वाटा २८ टक्के होता. छाती बडवून सांगा, वाढले कोण? आणि ज्या देशाने आमच्या भातावर पावणेचार कोटी टन लिहिले, त्या अमेरिकेच्या अध्यक्षांनी २० जानेवारी २०२५ रोजी पॅरिस करारातून बाहेर पडण्याच्या आदेशावर सही केली आणि त्या वर्षी एप्रिलच्या मुदतीत स्वतःची वहीही दिली नाही. दुसऱ्याची आणेवारी काढणाऱ्याने आपला सातबारा लपवावा, असा हा न्याय!

पण अमेरिकेला शिव्या देऊन दिल्लीला सोडून देणे आम्हाला मान्य नाही. परिषदेत दिल्लीचा अधिकारी उभा राहतो आणि सांगतो, आमचा अल्पभूधारक, आमचे अन्न, आमची गरिबी. २०२१ साली ग्लासगोला मिथेन तीस टक्क्यांनी घटवण्याच्या जागतिक प्रतिज्ञेत भारत सामील झाला नाही, ते शेतीचेच कारण पुढे करून. बरोबर केले, आम्ही त्याच्या बाजूचे आहोत. पण बाहेर ज्याच्या नावाने ढाल धरता त्याला घरात वही का दाखवत नाही? अहवाल इंग्रजीत, शेकडो पानांचा, आणि त्यात जिल्ह्याचा तक्ता नाही. कापसाच्या खर्चाचे तेच. उत्पादन खर्च दिल्लीत निघतो, मजुरीचा आणि बियाण्याचा भाव आपल्या गावात निघतो, आणि दोघांची गाठ हमीभावात कधी पडत नाही.

ही वही गुप्त राहिल्याचा तोटा आता प्रत्यक्ष दारात आला आहे. गावोगाव कार्बन क्रेडिटचे दलाल फिरू लागले आहेत. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय कृषी खात्याने शेतीतल्या ऐच्छिक कार्बन बाजाराची चौकट जाहीर केली आहे, तेव्हा ही फेरी वाढणारच. भातवाल्याला ते सांगतात, पाणी आळीपाळीने तोडा, क्रेडिट मिळवा. कोरडवाहूवाल्याला सांगतात, नांगरट कमी करा, मातीत कार्बन साठवा. यात काही चांगलेही आहे. पाणी तोडल्याने भाताचे नुकसान होतेच असे नाही, हे आम्ही कृषी पदवीधर म्हणूनही सांगतो. पण सौदा कशाचा आहे ते समजून घ्या. क्रेडिट म्हणजे आधीचा आकडा वजा नंतरचा आकडा. आधीचा आकडा १६२ धरला तर क्रेडिट भरपूर, दलाल खूश. पण कालव्याला पाणी नसल्याने ज्याचे खाचर आधीच दोनदा तडकत होते, त्याच्या नावावर १६२ किलोचे पाप लिहून मग ते धुतल्याचे दाखवायचे, आणि त्या जोरावर कुठल्या तरी परदेशी विमान कंपनीने धूर काढायचा! सही आमची, पाप आमच्या नावावर, पैसा बहुतेक मधल्यांचा. अशा करारावर मराठीत वाचून दाखवल्याशिवाय आणि ग्रामसभेपुढे ठेवल्याशिवाय अंगठा उठवू नका, सहीही करू नका.

शेणखत आणि हिरवळीच्या खताची गोष्ट राहिली. डॉ. ना. का. सावंत यांची चारसूत्री भातशेती आमच्या भागात पुष्कळांना ठाऊक आहे: पेंढ्या-तुसाचा पुनर्वापर, गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित लावणी आणि चार चुडांमध्ये युरिया-डीएपीची ब्रिकेट. वहीच्या सूत्रात चिखलात गाडलेला हिरवा पाला मिथेन वाढवणारा ठरतो, कुजलेले कंपोस्ट फारच कमी. खोल पुरलेल्या ब्रिकेटने युरिया वाया जात नाही, गोणी कमी लागते; पण त्याचे श्रेय त्या पानावर दिसत नाही. एकाच शेतकऱ्याचे एक सूत्र पाप आणि दुसरे सूत्र अदृश्य. म्हणून आमचे म्हणणे आहे की मोजणी पूर्ण शेताची व्हावी, आणि ती दापोली, राहुरी, परभणी, अकोला या आपल्या चार विद्यापीठांनी करावी. कर्जतला भात संशोधन केंद्र आहे. तिथल्या खाचरात पेटी बसू शकते तर अकोल्याच्या कपाशीत आणि परभणीच्या ज्वारीत का बसू नये? दिल्लीने पैसे द्यावेत. पॅरिस करारात अहवालासाठी विकसनशील देशांना मदत द्यायची असे लिहिलेले आहे, ती मदत फक्त सल्लागारांच्या विमान तिकिटांवर जाऊ नये. आणि आकडे जिल्हावार, मराठीत, पुढच्या अहवालाआधी छापून ग्रामपंचायतीत लावावेत.

या मागण्यांचा ठराव प्रत्येक जिल्हा बैठकीत मांडायचा आहे. बैठकीला येताना गावाने एक कागद भरून आणावा: किती बैल, किती दुभती जनावरे, कपाशीला एकरी किती गोण्या युरिया आणि कोणत्या महिन्यात, शेणखत किती गाड्या, पऱ्हाटी रानात जाळली की चुलीत. भातवाल्या गावांनी याशिवाय खाचरात पाणी किती दिवस उभे होते आणि कधी तुटले ते तारखेसह लिहावे. कोणाचे नाव लिहू नये, फक्त गाव आणि एकर. पेन्सिलीने लिहिले तरी चालेल.